माझ्या छपराला भोकं आहेत

मित्रांनो, मी एक जुना गाडा आहे. भाजीचा नव्हे आणि भंगाराचा तर मुळीच नव्हे. धनुष्यबाण ठेवायचा गाडा. माझी तीन चाकं एका जातीची आहेत आणि चौथं भलत्याच जातीचं, म्हणून मी चालताना कुरकुरतो. माझं पोट हिरवं आहे आणि पाठ निळी, कारण हिरवा रंग मध्येच संपला. शिवाय माझ्या छपराला भोकं आहेत. हे सगळं मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी नावं ठेवायला नको. नावं ठेवणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांतला एक जण तर हल्ली रोज संध्याकाळी माझ्यासमोर उभा राहून माझ्या भोकांकडे बघत असतो. तो कोण, ते पुढे येईलच.

ज्यांच्यासाठी मी जन्माला आलो त्यांना सगळी मुलं नुसतं ‘बाई’ म्हणतात. बाई दिवसा दवाखान्यात नर्स आहेत आणि संध्याकाळी मुलांना तिरंदाजी शिकवतात. त्यांची सुई आणि त्यांचा बाण, दोन्ही कधी चुकत नाहीत, असं मुलं दंड चोळत सांगतात. धनुष्यं त्यांची स्वतःची. कोणाच्या माळ्यावर पडलेलं, कोणाच्या मुलाने हौस फिटल्यावर टाकून दिलेलं, असं एकेक मागून आणून, घासूनपुसून त्यांनी ती जमवली होती. शिकवायला जागा मिळाली ती खेळांच्या हॉलमध्ये. पण एका अटीवर. तिरंदाजी संपली की तिथे बॅडमिंटन सुरू व्हायचं, आणि त्याआधी बाईंची एक काडीसुद्धा हॉलमध्ये दिसता कामा नये.

मग बाई काय करायच्या? सगळी धनुष्यं चादरीत गुंडाळायच्या, गाठोडं खांद्यावर टाकायच्या आणि चालत घरी न्यायच्या. दुसऱ्या दिवशी तेच ओझं पुन्हा हॉलवर. रस्त्यातले लोक विचारायचे, बाई, पडद्यांचे दांडे विकता का? एक दिवस खांद्याने संप पुकारला. हात कानाच्या वर जाईना. त्यांच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला आणि सांगितलं, एक तर ओझं सोडा, नाही तर धनुष्य सोडा. बाईंनी घरी येऊन गाठोडं कोपऱ्यात ठेवलं. धनुष्य सोडणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि ओझं सोडलं तर वर्ग बंद पडणार होता. अख्ख्या गावात मुलांच्या हाती बाण देणारं दुसरं कोणीच नव्हतं.

तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ पुढे सरसावला. त्याला मुलं ‘मामा’ म्हणतात. मामा एका कचेरीत हिशेब बघतात, पण त्यांचा जीव सुतारकामात. त्यांनी केलेलं स्टूल डुलतं. त्यांनी ठोकलेल्या फळीवरचे डबे आपसूक एका कोपऱ्यात जमा होतात. मामी तर पाहुण्यांना सांगतात, ह्यांनी खुर्ची केली की आम्ही सगळे उभे राहतो. अशा माणसाने छातीवर हात ठेवून बहिणीला सांगितलं, “ताई, तू काळजी सोड. चाकांचा गाडा करतो. मोजमाप माझ्यावर सोपव. आकड्यांत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.”

मामा टेप घेऊन हॉलवर आले. वर्ग ऐन रंगात होता. बाई मुलांच्या कोपरांना हात लावत रांगेतून फिरत होत्या. मामांनी एकेक धनुष्य मागून घेतलं, मूठ ते टोक, टोक ते टोक मोजलं, पुन्हा मोजलं आणि मान डोलावत निघून गेले. कोणाशी बोलायचं नाही, आकडे विसरतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या घराच्या बोळात मी उभा राहिलो. माझ्या फळ्या मामा-मामींच्या पलंगाच्या. नवा पलंग येईपर्यंत दोघं जमिनीवर झोपली आणि मामी रोज सकाळी उठताना कंबर धरून माझ्याकडे बघायच्या. तीन चाकं चहाच्या जुन्या ढकलगाडीची. तिचं चौथं कधीच हरवलेलं, म्हणून चौथं कचेरीतल्या मोडक्या फिरत्या खुर्चीचं. बाण उभे ठेवायला नळाच्या पाइपाचे तुकडे कापून माझ्या दोन्ही कुशींना बसवले. शिलाई मशिनच्या टेबलाचा खण आला, त्यात दोऱ्या, त्यांना चोळायच्या मेणाच्या वड्या आणि मुलांचे हातपट्टे. मध्ये आडवी फळी, तिला खाचा. धनुष्याची मूठ खाचेत बसायची आणि दोन्ही टोकं मोकळी. खाली ऐसपैस जागा होती. वर छप्पर मात्र बरोबर मापात, केसभर जास्त नाही की कमी नाही. मामा माझ्याभोवती फेऱ्या मारत स्वतःवरच खूश होत होते.

बाई आल्या. त्यांनी गाठोडं सोडलं आणि पहिलं धनुष्य खाचेत ठेवलं. छप्पर लागेना. दुसरं ठेवलं. तेही दोन बोटं वर. सगळ्यांची तीच तऱ्हा. बाईंनी धनुष्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

“तू दोरी चढवलेली असताना मोजलंस?”

“म्हणजे? दोरी उतरवतात?”

झालं. मित्रांनो, तुम्हालाही ठाऊक नसेल तर सांगतो. दोरी चढवली की धनुष्य वाकतं, आणि वाकलं की आखूड होतं. काम संपलं की दोरी उतरवायची असते, मग ते पुन्हा सरळ, लांब होतं आणि विसावा घेतं. रात्रंदिवस ताणलेलं ठेवलं तर त्याचा जीव जातो. आधी दम जातो, मग पीळ पडतो आणि शेवटी ते मोडतं. पण मामा आले होते ते वर्ग चालू असताना. तेव्हा सगळी धनुष्यं ताणलेली. मामांनी माप अचूकच घेतलं होतं, फक्त ते भलत्या वेळेचं होतं.

मामांनी रागारागाने छपरावर खुणा केल्या आणि प्रत्येक धनुष्याच्या टोकापुरतं एकेक भोक पाडलं. टोक जेमतेम बाहेर निघेल एवढंच, मेहेरबानी केल्यासारखं. बाई हसून हसून बोळातल्या पायरीवर बसल्या. मामा म्हणाले, थांब, मी नवीन छप्पर करतो. बाई म्हणाल्या, राहू दे, मला आवडलं.

तर असा मी जन्माला आलो, चुकीतून. मला त्याची शरम नाही. तुमच्यातले कितीजण बरोबर मापात जन्मले आहेत?

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा खांदा मोकळा झाला. चार मुलं मागून ढकलायची, बाई पुढून दिशा द्यायच्या आणि माझं चौथं चाक सगळ्या रस्त्याला वर्दी द्यायचं. थोड्याच दिवसांत एक गोष्ट झाली. वर्गात एक काडीसारखी मुलगी होती, तिला सगळे ‘टाचणी’ म्हणत. तिला नेहमी घाई. वर्ग संपला, सगळ्यांनी धनुष्यं ठेवली, छप्पर लागलं. बाई दारातून वळून बघतात तो ओळीत एक टोक दिसेना. ठेवलेलं तर सगळं होतं. त्यांनी छप्पर उघडलं. टाचणीने दोरी न उतरवताच धनुष्य आत सारलं होतं, म्हणून त्याचं टोक छपराखालीच राहिलं होतं.

त्या दिवसापासून वर्गाचा नियम झाला. सगळ्यांची डोकी वर आल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. डोकं वर म्हणजे दोरी उतरलेली. आत डोकावायला नको, विचारायला नको, हॉलच्या दुसऱ्या टोकावरून नुसती एक नजर पुरे. मुलंच एकमेकांना हटकायची, ए, तुझं डोकं कुठंय? मामा तर सगळीकडे सांगत सुटले की हे त्यांनी मुद्दामच केलं होतं. मी त्यांना खोटं पाडलं नाही. माझी ती सगळ्यांत सुखाची वर्षं.

मग हॉलला नवे सेक्रेटरी आले. माणूस वाईट नव्हता, हेही सांगतो, नाही तर म्हणाल गाडा कान भरतो. पण त्यांना चकाकी फार प्रिय. त्यांनी भिंती रंगवून घेतल्या, आरसा लावला आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. पाहुणे आले तर काय म्हणतील, असं ते बाईंना म्हणाले. पुढच्याच आठवड्यात एक लोखंडी कपाट आलं. रुपेरी, उंच, गुळगुळीत. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं. कपाट जिथे उभं केलं तिथून हलायचं नाही, त्याला दारं होती, आणि त्या दारांना एकच किल्ली होती. ती सेक्रेटरींच्या खिशात.

बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं. किल्ली मला द्या, निदान दुसरी करून घ्या. सेक्रेटरी म्हणाले, अहो, लोखंडाचं आहे, आत काय बिघडणार? शिवाय सामान हॉलमध्येच राहील, तुमची रोजची ढकलाढकली वाचेल. आणि हे नको असेल तर हॉल मागणारे दुसरे पुष्कळ आहेत. बाईंनी मुलांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी त्यांना दोष देत नाही. पण राग आला होता, तो मी लपवणारही नाही.

माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या पाइपांत झाडू उभे केले. माझ्या खणात कोणीतरी ओली फडकी कोंबली. छपरावर बादली. ज्या भोकांतून धनुष्यांची डोकी वर यायची, त्यांतून फरशी पुसल्याचं पाणी माझ्या पोटात गळायचं. फळ्या फुगल्या, चाकं गंजली. पण मी मोडलो नाही. मोडलो असतो तर सेक्रेटरींचं बरोबर ठरलं असतं, आणि तेवढं सुख मी त्यांना देणार नव्हतो.

जिन्याखालून मला हॉलचं दार दिसायचं आणि दारातून कपाट. मी सगळं पाहिलं. किल्ली यायला उशीर, तोवर मुलं दाराशी ताटकळत उभी. कधी सेक्रेटरी येतच नसत. मुलं कंटाळून घरी जायची आणि त्यांतली काही पुन्हा यायची नाहीत. रविवारी सेक्रेटरींचे मित्र हौस म्हणून धनुष्यं काढायचे, चार बाण भिंतीवर मारायचे, हसायचे आणि ताणलेली धनुष्यं तशीच आत टाकून दार लावायचे. खिडकीतून कपाटावर दिवसभर ऊन यायचं. आत ती कशी तळमळत असतील ते मला कळत होतं. बाहेरून मात्र कपाट छान दिसायचं. बंद दाराआड कोणाचं डोकं वर आहे आणि कोणाचं नाही, हे कोणाला दिसणार?

बाई दर वेळी धनुष्यं ताणलेली सापडली की चिडायच्या, सेक्रेटरींना सांगायच्या, आणि सेक्रेटरी हो हो करायचे. शेवटी व्हायचं ते झालं. टाचणीने नेम धरून दोरी कानापर्यंत ओढली आणि धनुष्याचा वरचा भाग काडकन मोडला. दोरी तिच्या दंडावर बसली, तुकडा हनुवटीला लागून गेला. बाईंनी तिला खाली बसवलं, रक्त पुसलं, डोळा तपासला. डोळा वाचला होता. पट्टी बाईंना दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली. हजारो पट्ट्या बांधलेले हात. टाचणी रडली नाही. तिने फक्त विचारलं, “बाई, माझं काही चुकलं का?”

बाई तिला म्हणाल्या, नाही बाळा, चूक माझी झाली, मी मान खाली घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाहुणे यायचे होते. हॉलला काही मोठी मदत मिळायची होती म्हणे, आणि सेक्रेटरींना पाहुण्यांसमोर मुलांची तिरंदाजी दाखवायची होती. खुर्च्या मांडल्या, कपाट पुसून लख्ख केलं. सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत किल्ली फिरवली, दारं उघडली आणि बाईंना मुलांना रांगेत उभं करायला सांगितलं.

बाई हॉलमधून बाहेर आल्या. थेट जिन्याखाली. त्यांनी बादली खाली ठेवली, झाडू उपसून काढले, फडकी फेकली आणि मला बाहेर ओढलं. कित्येक महिन्यांनी माझी चाकं फिरली. चौथं असं किंचाळलं की पाहुण्यांनी माना वळवल्या. किंचाळ बाबा, मी त्याला म्हटलं, आज पोटभर किंचाळ.

सेक्रेटरी धावत आले आणि दातांवर दात ठेवून म्हणाले, हे भंगार आत्ता कशाला? बाईंनी कपाटातलं एकेक धनुष्य काढलं, दोरी उतरवली आणि माझ्या खाचेत ठेवलं. सगळीच ताणलेली होती. मग छप्पर लावलं. टोकं वर आली. काही ताठ, भोकाच्या मधोमध. काही मात्र बाजूला कललेली, भोकाच्या काठाला टेकलेली. मामांनी भोकं जेमतेम पाडली होती ना, त्यामुळे जरासा पीळ पडला असला तरी लपेना. पाहुण्यांनाही दिसलं. ज्यांनी जन्मात धनुष्य धरलं नव्हतं त्यांनाही दिसलं.

बाई सावकाश बोलल्या. आवाज चढवला नाही. “ही वाकडी डोकी दिसतायत ना, ही धनुष्यं आज कुठल्याही मुलाच्या हातात जाणार नाहीत. आणि ज्यांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, अशा धनुष्यांवर मी यापुढे मुलांना शिकवणार नाही.”

“मग हॉल सोडावा लागेल,” सेक्रेटरी म्हणाले.

“सोडला.”

एवढंच. त्यांनी माझ्या दांड्याला हात घातला. टाचणी हनुवटीवरच्या पट्टीसकट मागे येऊन उभी राहिली, मग दुसरी मुलं आली. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी उठून आमच्यासाठी दार धरलं. बाहेर पायऱ्या होत्या. मामा गर्दीत होतेच, त्यांनी पुढून मला उचललं, त्यांच्या पाठीत उसण भरली आणि ती भरल्याचं त्यांनी सगळ्या रस्त्याला सांगितलं. मी मात्र छाती काढून चाललो. कपाटाला मी वळून म्हटलं, ये की मागोमाग. ते बिचारं जागचं हलणार कसं?

पुढे महिनाभर वर्ग कुठेच भरला नाही. खोटं कशाला सांगू, ते दिवस वाईट होते. बाई दवाखान्यातून येऊन मामांच्या बोळात माझ्याजवळ बसायच्या आणि धनुष्यांवरून हात फिरवायच्या. मामी येता-जाता माझ्यावर गुडघा आपटायच्या आणि मला शिव्या द्यायच्या, पण मला हलवा असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मग बाईंचा एक जुना रोगी भेटला. साबणाच्या बंद कारखान्याचा राखणदार. कारखान्याच्या मागे मोठं अंगण आणि त्याला उंच, बिनखिडक्यांची भिंत. मालकाला विचारून त्याने फाटक उघडलं. ज्याला चाकं आहेत त्याला जागेची काय चिंता? आम्ही गेलो. आधी थोडी मुलं आली, मग सोडून गेलेलीही परतली.

माझी काही भोकं आता रिकामी आहेत. पीळ पडलेली धनुष्यं बाईंनी पुन्हा वापरली नाहीत. मामा ती भोकं बुजवायला निघाले होते, पण टाचणीने त्यांच्या हातातून पुट्टीचा डबा काढून घेतला. नवं मूल आलं की ते विचारतंच, इथे डोकं का नाही? आणि टाचणी हनुवटीवरचा वण दाखवून सगळं सांगते.

आता तो रोज संध्याकाळी येणारा माणूस. ओळखलंत ना? हो, तेच सेक्रेटरी. त्यांची नात हट्टाला पेटली होती, शिकेन तर बाईंकडेच. पहिल्या दिवशी ते फाटकाबाहेरच उभे राहिले. बाईंनी मुलीला आत घेतलं आणि त्यांना एक शब्दही विचारला नाही. हळूहळू ते आत येऊ लागले. एकदा माझ्याजवळ येऊन बाईंना म्हणाले, रंगाऱ्याकडून ह्याला रंगवून आणू का, वरून छानसं पत्र्याचं झाकणही बसवू. बाई म्हणाल्या, चाकाला तेल घाला हवं तर, झाकण नको. त्यांनी खरंच तेल आणलं. चौथं चाक तेल प्यायलं आणि पूर्वीसारखंच कुरकुरत राहिलं. मला बरं वाटलं.

परवाची गोष्ट. वर्ग संपला, नात धावत आली, त्यांनी तिचा हात धरला. फाटकापर्यंत गेले. तिथे वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि थांबले.

“परत जा,” ते नातीला म्हणाले, “तुझं डोकं दिसत नाहीये.”

मी त्यांना माफ केलं का? अजून नाही. माझ्या पोटात गळलेलं ते घाणेरडं पाणी मी विसरलेलो नाही. पण ती पोर परत आली, तिने दोरी उतरवली, आणि तिच्या धनुष्याचं डोकं माझ्या छपरातून ताठ वर आलं. तोपर्यंत ते फाटकाशी उभे होते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणीतरी जिन्याखाली असेल. त्याच्यावर बादली ठेवण्याआधी एकदा त्याला विचारा, तू काय करायचास? आणि हातातलं काम संपलं की त्याची दोरी उतरवा, कितीही घाई असली तरी. माझी दया मात्र करू नका, मला ती नको. उद्या संध्याकाळी मुलं येतील, तेव्हा कारखान्याच्या चढावर ढकलायला दोन हात कमी पडतील. तिथे या.